जुन्या एकबारी नेमबाजी रायफली: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

एका वेळी एकच काडतूस भरता येणाऱ्या जुन्या नेमबाजी रायफलींवर गेल्या अंकात एक छोटे टिपण लिहिले होते. त्यानंतर सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली, त्यांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत. घरात शस्त्र आहे ही गोष्ट चार लोकांना कळणे सुरक्षित नसते, म्हणून पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत, फक्त गाव किंवा भाग दिला आहे.

प्रश्न: माझे वडील दोन महिन्यांपूर्वी वारले. त्यांच्या कपाटात एक पॉइंट टू-टू, म्हणजे सुमारे ०.२२ इंच व्यासाच्या नळीची, रायफल आहे. घोड्याच्या मागे एक लोखंडी तरफ आहे, ती खाली ओढली की नळीमागचा ठोकळा पुढून खाली झुकतो. बाजूला तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केल्याचे चिन्ह आहे. परवाना वडिलांच्या नावावर होता. ही रायफल कोणती, किती जुनी, आणि मी आता काय करावे? (रेल्वे लाइन्स, सोलापूर)

उत्तर: आपल्या प्रश्नाच्या शेवटच्या भागाचे उत्तर आधी द्यावे लागेल, कारण तेथे विलंब चालत नाही. परवाना व्यक्तीचा असतो, घराचा नसतो. परवानाधारक वारल्यावर ते शस्त्र घरात तसेच ठेवणे कायदेशीर राहत नाही, आणि शस्त्र अधिनियम १९५९ च्या २१ व्या कलमानुसार ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे लागते. रायफल खांद्याला लावून आपण होऊन ठाण्यात जाऊ नका. आधी मृत्यूचा दाखला आणि मूळ परवाना घेऊन ठाण्यात जा, अधिकाऱ्यांना परिस्थिती सांगा आणि ती कशी आणायची हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. नंतर वारस म्हणून आपल्याला स्वतःच्या नावावर परवाना मागता येतो, आणि इतर वारसांची संमती लेखी असली तर पुढचे काम सोपे जाते. आपण शहरात राहता, म्हणून अर्ज पोलीस आयुक्तालयात करावा लागेल. ग्रामीण भागातील वाचकांसाठी हाच अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण व्यक्तीला दोनच बंदुका बाळगता येतात आणि वारसाने आलेली बंदूकही त्या दोनांत धरली जाते, हे ध्यानात असू द्या.

जमा करताना एक काळजी अवश्य घ्या. पावतीवर केवळ ‘एक पॉइंट टू-टू रायफल’ असे लिहून घेऊ नका. क्रमांक, नळीवरचे छाप, दस्त्यावरचे ओरखडे आणि विशेषतः मागची भोकाची साइट, म्हणजे पीप साइट, यांचा वेगळा उल्लेख करवून घ्या आणि सर्व बाजूंनी छायाचित्रे काढा. ही साइट सहज निघते. माझ्या ओळखीतील एक सुंदर रायफल तीन वर्षांनी परत मिळाली ती साइटविना, आणि पावतीत साइटचा शब्दही नसल्यामुळे ती होती हेच सिद्ध करता आले नाही. त्या घडणीची दुसरी साइट अजून मिळालेली नाही. जमा करण्यापूर्वी बाहेरील धातूवर तेलाचा पातळ हात फिरवा, कारण ठाण्याच्या कोठडीत ती किती पावसाळे काढील हे सांगता येत नाही. या सगळ्याआधी तरफ खाली करून नळीच्या मागच्या तोंडात काडतूस नाही ना, हे डोळ्यांनी पाहा. काडतूस अडकलेले दिसले तर ते उचकटू नका, तरफ तशीच उघडी ठेवून परवानाधारक कारागिराला बोलवा.

आता ओळख. एकमेकींना टेकवलेल्या तीन रायफली हे बर्मिंगहॅमच्या बीएसए, म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स या कारखान्याचे चिन्ह आहे, आणि आपण केलेले वर्णन मार्टिनी पद्धतीच्या यंत्रणेचे आहे. मागच्या टोकाला बिजागरी असलेला ठोकळा तरफेने पुढून खाली झुकवण्याची मूळ कल्पना अमेरिकेतील हेन्री पीबॉडी यांची असून तिचे पेटंट १८६२ चे आहे. त्यांच्या बंदुकीला बाहेर वेगळा हातोडा होता आणि तो प्रत्येक बाराआधी अंगठ्याने मागे ओढावा लागे. स्वित्झर्लंडमधील फ्राउएनफेल्ड येथील अभियंते फ्रीडरिख फॉन मार्टिनी यांनी तो हातोडा काढून ठोकळ्याच्या पोटातच स्प्रिंगवर चालणारी आघातसुई बसवली, आणि तरफ खाली ओढली की ठोकळा उघडणे व सुई ताणली जाणे ही दोन्ही कामे एकाच हालचालीत होऊ लागली. ब्रिटिश सैन्याने १८७१ मध्ये हीच यंत्रणा अलेक्झांडर हेन्री यांच्या नळीसह स्वीकारली, म्हणून ती मार्टिनी-हेन्री. पुढे दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात सैनिकांची नेमबाजी कमी पडते हे दिसून आल्यावर इंग्लंडमध्ये गावोगावी छोट्या रायफलींचे क्लब निघाले, १९०१ मध्ये त्यांची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली, आणि त्या क्लबांसाठी मार्टिनीची लहान आवृत्ती पॉइंट टू-टूमध्ये मोठ्या संख्येने बनू लागली. आपल्या वडिलांची रायफल याच घराण्यातील आहे.

वय ठरवण्यासाठी नळीच्या मागच्या भागावरचे बारीक ठसे भिंगाखाली पाहा. बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे मुकुटाखाली बीव्ही, बीपी आणि एनपी असे स्वतंत्र ठसे असतील तर ती नळी १९०४ ते १९५४ या काळात तपासली गेली आहे, आणि मुकुटाखाली बीएनपी अशी तीन अक्षरे एकत्र असतील तर १९५४ नंतर. नळी बदललेली असू शकते, तेव्हा हा पुरावा नळीचा समजावा, संपूर्ण रायफलीचा नव्हे. इंटरनॅशनल हे नाव कोरलेले असेल तर ती १९५० नंतरच्या जड स्पर्धा-रायफलींच्या मालिकेतील आहे.

प्रश्न: माझ्याकडे परवान्यावर आजोबांची एकबारी रायफल आहे. तिचा काळा रंग ठिकठिकाणी उडून तपकिरी झाला आहे आणि दस्ता काळवंडला आहे. ओळखीचे एक गृहस्थ बफिंग करून, नवीन ब्लूइंग देऊन आणि दस्त्याला पॉलिश मारून ‘नव्यासारखी’ करून देतो म्हणतात. करून घ्यावी का? (बार्शी)

उत्तर: कृपा करून करून घेऊ नका. या एका प्रश्नासाठी मी हा संपूर्ण स्तंभ खर्च केला असता.

ब्लूइंग हा वरून लावलेला रंग नव्हे. तो पोलादाच्या पृष्ठभागावर मुद्दाम आणलेला, घट्ट बसलेला काळा ऑक्साइड असतो, आणि जुन्या कारखान्यांत तो देण्याआधी कारागीर हाताने, सपाट पट्टीवर पॉलिश करत, म्हणून कडा धारदार आणि पृष्ठभाग आरशासारखे सपाट राहत. फिरत्या बफिंगच्या चाकाला सपाट आणि गोल यांतला फरक कळत नाही. त्या चाकाने कडा गोलावतात, स्क्रूच्या भोवती खळगे पडतात, आणि वर ज्या ठशांवरून वय ओळखता येते असे मी म्हटले ते ठसे पुसट होतात किंवा नाहीसे होतात. नव्या काळ्या थराखाली रायफल नवी दिसते, पण तिचा जन्मदाखला फाडलेला असतो. आपल्या देशात सर्वसामान्य माणसाला अशी रायफल बाहेरून आणता येत नाही, त्यामुळे जेवढ्या आहेत तेवढ्याच आहेत, आणि एक बफिंगखाली गेली की तेवढी एक कायमची कमी होते. शिवाय बंदुकीची दुरुस्ती हे परवान्याचे काम आहे. ज्याच्याकडे तो परवाना नाही त्याच्या हाती रायफल देणे हा आपल्यासाठीही गुन्हा ठरू शकतो, मग तो एमआयडीसीतला कितीही हुशार लेथवाला असो.

तपकिरी झालेला भाग स्थिर असेल, म्हणजे बोटाला लाल पूड लागत नसेल, तर त्याला तसेच राहू द्या. पूड लागत असेल तर शिलाई मशीनचे तेल लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी खरखरीत सुती कापडाने पुसा. असे चार-पाच दिवस करा. बहुतेक जिवंत गंज एवढ्याने निघतो. गणवेश शिवणाऱ्या आपल्या सोलापुरात हे तेल कोणत्याही गल्लीत मिळते, आणि ते खनिज तेल असल्यामुळे चिकट होत नाही. खोबरेल, शेंगदाणा किंवा करडईचे तेल मात्र चुकूनही लावू नका. खाद्यतेल हवेत राहून गोंदासारखे होते, आणि आघातसुईच्या वाटेत ते साचले तर सुई आळसावते. देवघरातील पितळ लख्ख करणारी चिंच आणि लिंबू यांनाही येथे थारा नाही, कारण आम्लाने उरलेले ब्लूइंग एका मिनिटात उतरते.

दस्त्याचे लाकूड बहुधा अक्रोडाचे असते आणि त्याला मुळात जवसाच्या तेलाचा हात दिलेला असतो. जवस म्हटले की आपल्याकडे चटणी आठवते, आणि एका वाचकाने स्वयंपाकघरातील घाण्याचे तेल सढळ हाताने दस्त्याला चोपडल्याचे मला ठाऊक आहे. तो दस्ता महिनाभर चिकट राहिला आणि त्याने मे महिन्यातील सगळी धूळ अंगावर घेतली. कच्चे जवस तेल सुकायला अनेक दिवस, कधी आठवडे घेते. रंगाच्या दुकानात ‘बॉइल्ड लिनसीड’ मिळते ते लवकर सुकते. त्याचे चार-पाच थेंब तळहातावर घेऊन, हाताच्या उबेने चोळून, उरलेले लगेच पुसून टाकायचे, एवढेच काम आहे. आधी ओलसर पिळलेल्या कापडाने हातांचा जुना मळ काढावा, पण सॅंडपेपर लावू नये. दस्त्यावरील चौकटीदार कोरीव जाळीत साचलेला मळ मऊ ब्रशने काढावा. एक इशारा मनापासून देतो: जवस तेलाने भिजलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना उष्णता सोडते, आणि गोळा केलेल्या चिंधीत ती साठून चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. आपल्या उन्हाळ्यात तर विशेषच. चिंधी पाण्यात बुडवून किंवा दोरीवर पसरून वाळवून मगच टाकावी.

स्क्रूबद्दल दोन शब्द. जुन्या इंग्लिश स्क्रूंच्या खाचा अरुंद असतात आणि विजेच्या कामाचा निमुळता स्क्रू-ड्रायव्हर त्यांतून निसटून कडा फाडतो. खाचेत तंतोतंत बसणारे, समांतर बाजूंचे पाते हाताशी नसेल तर स्क्रूला हात लावू नये.

प्रश्न: नळीतून पाहिले तर आतले आटे, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या खाचा, दिसतात, पण मधे काळे ठिपके आहेत. कितीही घासले तरी जात नाहीत. रायफल नेहमी तेलात ठेवलेली होती, मग हे कसे झाले? आणि नळी किती वेळा साफ करावी? (पंढरपूर)

उत्तर: ते ठिपके मळाचे नसून खड्डे आहेत, आणि खड्डा घासून जात नाही, तो मोठा होतो. कारण आपल्या पिढीच्या आधीचे आहे. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत बहुतेक काडतुसांच्या पेटत्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असे, आणि तो जळाला की पोटॅशियम क्लोराइड हा, आपल्या मिठाच्या जातीचाच, क्षार नळीत उरे. हा क्षार हवेतील ओल ओढून घेतो आणि त्याखाली पोलाद गंजते. तो पाण्यात विरघळतो, तेलात विरघळत नाही. म्हणून ज्यांनी प्रामाणिकपणे तेल घातले त्यांच्या नळीत तेलाखाली मीठ सुखाने बसून राहिले. जुने जाणकार आधी उकळते पाणी ओतत, नळी कोरडी करत आणि मग तेल देत, त्यामागचे रसायन हेच होते. आजच्या काडतुसांत हा दोष नाही, त्यामुळे आपल्याला पाणी ओतण्याची गरज नाही.

खड्डे पडलेली नळी टाकाऊ ठरत नाही. पॉइंट टू-टूची गोळी मऊ शिशाची असते, जेमतेम अडीच ग्रॅमची, आणि ती आवाजाच्या वेगाहून किंचित कमी वेगाने निघते. तिला नळीतील सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे पुढच्या तोंडाची शेवटची कड, कारण गोळीला नळीचा शेवटचा स्पर्श तेथे होतो. ती कड शाबूत असेल तर मधले काही खड्डे असूनही रायफल आश्चर्य वाटावे इतकी एकाच जागी मारते. उलट नळी आतून चकचकीत आणि कड एका बाजूने झिजलेली असेल तर कोणताही नेमबाज तिच्याकडून गुण काढू शकत नाही. आणि ही कड झिजवणारा शत्रू बहुतेक वेळा गोळी नसून साफ करणारा गज किंवा दोरी असते.

हे मार्टिनीवाल्यांनी विशेष लक्षात ठेवावे. बोल्टच्या, म्हणजे मागेपुढे सरकणाऱ्या दांड्याने उघडणाऱ्या, रायफलीत तो बोल्ट काढून मागून सरळ गज घालता येतो. बहुतेक मार्टिनींमध्ये यंत्रणेची पेटी मागून बंद असते, त्यामुळे लोक पुढून गज घालतात आणि प्रत्येक फेरीत तो तोंडाच्या कडेवर घासतो. यासाठी पुलथ्रू वापरा. एनसीसीत गेलेल्यांना तो ठाऊक असेल: एका टोकाला वजन आणि दुसऱ्या टोकाला चिंधीसाठी फास असलेली दोरी. तरफ उघडून वजन मागून सोडायचे, पुढून बाहेर आले की दोरी नळीच्या सरळ रेषेत ओढायची. दोरी तिरकी ओढली तर तीही त्याच कडेला खाच पाडते, आणि सैन्यातील कित्येक नळ्या अशाच गेल्या आहेत. नळी उभी धरून एकट्याने ओढू नका, रायफल टेबलावर आडवी ठेवून दुसऱ्याला धरायला सांगा.

चिंधी फ्लॅनेलची असावी. ब्रिटिश सैन्यात चार इंच बाय दोन इंच मापाचा तुकडा ठरलेला होता, तो मोठ्या व्यासाच्या नळीसाठी. पॉइंट टू-टूला त्याच्या निम्म्याहूनही लहान तुकडा पुरतो. चादर-टॉवेलच्या गावात राहून सांगावे लागते याचे वाईट वाटते, पण टर्किश टॉवेलचा तुकडा वापरू नका. त्याचे फासे सुटतात आणि धागे आट्यांत अडकतात. किती वेळा, याचे उत्तर असे की नेमबाजीनंतर दोन कोरड्या चिंध्या आणि एक तेलाची चिंधी एवढे पुरे, आणि पुन्हा बार काढण्यापूर्वी एक कोरडी चिंधी फिरवून तेल काढावे. पितळी ब्रश वर्षातून एखाद्या वेळेस. जुन्या रायफलीत वेगवान काडतुसे घालू नयेत, साधी नेमबाजीचीच घालावीत, आणि रिकाम्या नळीवर घोडा ओढण्याचा सराव करू नये. पॉइंट टू-टूच्या काडतुसाचा मसाला कडेच्या गोटात असतो, म्हणून सुई कडेवर मारते. काडतूस नसेल तर काही रायफलींत तोच मार नळीच्या मागच्या तोंडावर बसून तेथे खाच पडते, आणि मग काडतूस नीट बसतही नाही, निघतही नाही.

प्रश्न: मी एनसीसीत बोल्टची पॉइंट टू-टू चालवली आहे. अनेक काडतुसे एकदम भरता येणारे मॅगझिन असताना एकेक काडतूस हाताने भरणारी रायफल अधिक अचूक का मानतात? (अक्कलकोट)

उत्तर: मॅगझिनसाठी यंत्रणेच्या पेटीला खालून मोठे छिद्र पाडावे लागते आणि पेटी तेवढी लवचीक होते. एकबारी रायफलीची पेटी भरीव राहते. दुसरे असे की मऊ शिशाची गोळी मॅगझिनमधून वर सरकताना खरवडली जाऊ शकते, हाताने भरताना ती जशीच्या तशी आत बसते. तिसरे कारण मार्टिनीचे खास आहे. तिच्या सुईला फार थोडे अंतर जावे लागते, त्यामुळे घोडा सुटणे आणि बार होणे यांतला वेळ कमी असतो आणि हाताला थरथरायला सवड मिळत नाही. मार्टिनीचा उणेपणाही सांगायला हवा. तिचा दस्ता दोन तुकड्यांचा असतो आणि पुढच्या लाकडाचा दाब बदलला की नेम सरकतो. बोल्टच्या रायफलीला एकसंध दस्ता देता येतो, आणि १९५४ मध्ये उल्मच्या आन्शुट्झ कारखान्याची मॅच ५४ आल्यानंतर स्पर्धांतून मार्टिनी हळूहळू मागे पडली. पण मॅच ५४ च्या स्पर्धा-रायफलीही एकेकच काडतूस घेतात. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथे झोपून करायच्या नेमबाजीत, विश्वविजेत्या झाल्या आणि स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तीन स्थितींतील प्रकारात कांस्यपदक मिळवले, ते दोन्ही प्रकार पॉइंट टू-टूचेच. पन्नास मीटरवर दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते, म्हणजे आपल्या करंगळीच्या नखाएवढे.

प्रश्न: मला संग्रह करायचा आहे. एक जण ‘शोभेची, कागद लागत नाहीत’ असे सांगून जुनी रायफल विकतो आहे. घ्यावी का? (मोहोळ)

उत्तर: घेऊ नका. शस्त्र अधिनियमाच्या ४५ व्या कलमातील सूट केवळ अशा कालबाह्य किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्राला आहे, जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही. ज्या पॉइंट टू-टूची काडतुसे आजही दुकानात मिळतात ती, कितीही जुनी आणि बंद पडलेली असली तरी, या व्याख्येत बसणे कठीण. विनापरवाना बंदुकीला दोन ते पाच वर्षांची शिक्षा आहे. सरळ मार्ग असा की मान्यताप्राप्त रायफल क्लबाचे सभासद व्हावे. नेमबाजीच्या सरावासाठी पॉइंट टू-टू मागणाऱ्या क्लब-सभासदाचा उल्लेख खुद्द १३ व्या कलमात आहे. त्यानंतर परवानाधारकाकडून, परवान्यावर नोंद करून एकच, पण अस्सल रायफल घ्यावी. दोनांच्या मर्यादेत संग्रह कसला, असे वाटेल. पण त्या रायफलीभोवतीचे कागद गोळा करायला मर्यादा नाही: जुनी सूचीपत्रे, गुणपत्रके, भोके पडलेली निशाणपत्रे, रिकामे डबे. माझ्या मते एका रायफलीचा पूर्ण इतिहास दहा अनोळखी रायफलींहून मोलाचा आहे. आणि शस्त्रे पाहण्याची हौस असेल तर अक्कलकोटच्या नव्या राजवाड्यातील शस्त्रसंग्रह तुमच्यापासून दोन तासांच्या आत आहे.

प्रश्न: रायफलीसोबत जुनी कातडी म्यान-पिशवी मिळाली आहे. तीतच ठेवली तर चालेल ना? (जुळे सोलापूर)

उत्तर: चालणार नाही. कातडे कमावताना वापरलेली आम्ले आणि क्षार त्यात राहतात, ते पावसाळ्यात ओल धरते, आणि पिशवीच्या शिवणीच्या रेषेत नळीवर गंजाची रेघ उमटते. पिशवी वेगळी जपा. रायफल कुलूपबंद लोखंडी कपाटात, नळीचे तोंड खाली करून उभी ठेवा, म्हणजे जास्तीचे तेल मागच्या लाकडात मुरून ते मऊ करणार नाही. काडतुसे दुसऱ्या कुलपात. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि लाकूड आकसते, म्हणून दस्त्याचे स्क्रू उन्हाळ्यात ढिले वाटले तरी आवळू नका, पावसाळ्यात लाकूड फुगले की तेथेच तडा जातो. सप्टेंबरच्या पावसात दर पंधरा दिवसांनी कपाट उघडा आणि तेलाच्या कापडाने धातू पुसून घ्या. त्यानंतर मात्र उघड्या बोटांनी धातूला हात लावू नका.